मॅडम, तुम्ही घेतली का?

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात प्रसारित झालेलं भाषण. वक्त्या परिचर्या महाविद्यालयात सामुदायिक आरोग्य हा विषय शिकवतात.)

जेवणं उरकून, भांडी आवरून थोडं टेकला असाल, अशा वेळी मी तुमच्याशी बोलायला आले आहे. नेहमी इथे आपण रक्तक्षय, बाळाचा आहार, स्तनांची तपासणी अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आरोग्य शिकवणाऱ्या आम्हा मास्तरणींविषयी, म्हणजे माझ्याविषयीच बोलायचं आहे.

निमित्त असं झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर एक बातमी जोरात फिरली, तुम्हाला आठवत असेल. कोविशील्ड ज्या मूळ लसीच्या सूत्रावर बनली, त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं इंग्लंडमधल्या कोर्टात लिहून दिलं, की या लसीमुळे अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात. झालं! केंद्रावर फोन सुरू झाले. एका ताईंनी विचारलं, "हे तुम्हा लोकांना आधी माहीत होतं का? होतं, तर आम्हाला का नाही सांगितलं?"

उत्तर सोपं होतं. हो, माहीत होतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं ७ एप्रिल २०२१ लाच अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून त्याची नोंद केली होती. आपल्या सरकारच्या समितीनंही १७ मे २०२१ ला आकडा जाहीर केला होता. कोविशील्डच्या दर दहा लाख डोसमागे अशा घटना ०.६१, म्हणजे एकाहूनही कमी. लस घेतल्यानंतर वीस दिवसांत दम लागला, छातीत दुखलं, हातपाय सुजले किंवा न थांबणारी डोकेदुखी झाली, तर लगेच दवाखान्यात जा, असंही तेव्हाच सांगितलं होतं.

पण त्या ताईंचा दुसरा प्रश्न मला झोपू देईना. का नाही सांगितलं? त्याचं उत्तर द्यायचं तर मला २०२१ च्या जानेवारीत जावं लागेल.

त्या वर्षी ३ जानेवारीला आपल्या देशात दोन लसींना आणीबाणीच्या वापरासाठी मंजुरी मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा. डॉक्टर, नर्स, आशाताई, सफाई कामगार आणि आमच्यासारखे शिकवणारेही त्यात आले. आमच्या कॉलेजची यादी गेली, त्यात माझं नाव होतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींचंही होतं.

तुम्हाला वाटेल, आरोग्य शिकवणारी माणसं धावत जाऊन पहिल्या रांगेत उभी राहिली असतील. काही राहिलीही. आमच्या उपप्राचार्यांनी पहिल्याच दिवशी दंड पुढे केला. पण आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी काय चालायचं, ते आज सांगते.

एका सहकारी बाईंचं म्हणणं असं, की कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकालच अजून आलेले नाहीत, मग मंजुरी कशी दिली? हा प्रश्न खोटा नव्हता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. गगनदीप कांग यांच्यासारख्या लसींच्या मोठ्या जाणकार बाईंनीही तो उघडपणे विचारला होता. मंजुरीच्या कागदावरच 'क्लिनिकल ट्रायल मोड' असे शब्द होते, आणि ती लस घेणाऱ्याकडून संमतिपत्रावर सही घेतली जात होती. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र लिहून आम्हाला दुसरी लस द्या, अशी मागणी केली.

दुसऱ्या बाई म्हणायच्या, "मला सप्टेंबरमध्ये होऊन गेलाय. माझ्या अंगात प्रतिकारशक्ती आहेच." तिसऱ्या म्हणायच्या, "पेशंट तर कमी होत चाललेत. आता कशाला?" आणि खरंच, त्या जानेवारीत साथ ओसरल्यासारखी वाटत होती. एक सर मात्र सगळ्यांना गप्प करायचे. "सरकार सांगतंय ना? मग घ्यायची. प्रश्न कसले विचारता? शिकलेल्या माणसांनी असं बोललं तर अडाण्यांनी काय करायचं?"

हे फक्त आमच्याच कॉलेजात होतं असं समजू नका. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशातल्या २२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांमधल्या १०६८ वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक पाहणी झाली. त्यांतले सुमारे अकरा टक्के लस घ्यायला कचरत होते. कारणं तीच. घाईघाईनं चाचणी झाली, सुरक्षित आहे का कळत नाही, यंत्रणांवर भरवसा नाही. उद्याचे डॉक्टर असे बोलत होते, तर त्यांच्या मास्तरांमध्येही ते बोलणं असणारच.

आता माझं सांगते. मी काय म्हणायचे? मी मान डोलवत म्हणायचे, "निकाल येऊ देत. पुरावा हवा." हे बोलताना मला फार बरं वाटायचं. आपण भित्र्या नाही, अभ्यासू आहोत, असं वाटायचं.

पण गंमत पाहा. आमच्या केंद्रावर लस आली ती कोविशील्ड. तिचे मूळ चाचणीचे निकाल डिसेंबर २०२० मध्येच 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. म्हणजे मी जो पुरावा मागत होते, तो माझ्या टेबलावर होता. मग मी गेले का? नाही. मी दुसरं कारण शोधलं. त्या चाचणीत काही लोकांना चुकून पहिला डोस अर्धाच दिला गेला होता आणि दोन गटांचे आकडे वेगवेगळे आले होते. मी ते धरून बसले. ते संपलं तेव्हा म्हटलं, परीक्षा जवळ आल्यात, ताप आला तर सुट्टी कोण देईल? मग म्हटलं, घरी सासूबाई आजारी आहेत.

मैत्रिणींनो, एक कारण संपलं की दुसरं तयार, असं होऊ लागलं ना, की समजावं, प्रश्न लसीचा नाही. मला भीती वाटत होती. साधी भीती, इंजेक्शनच्या रांगेत लहान मुलाला वाटते तशी. तिला मी अभ्यासाचं लुगडं नेसवलं होतं.

जानेवारीच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या मावशी माझ्याकडे आल्या. हाताला पीठ तसंच. म्हणाल्या, "मॅडम, आमचा नंबर लागलाय म्हणं. तुम्ही घेतली का?"

मी म्हटलं, "अजून नाही मावशी. बघू."

त्या म्हणाल्या, "मग आम्ही पण बघू." आणि निघून गेल्या.

एवढंच झालं. मी त्यांना घेऊ नका म्हटलं नाही. भाषण दिलं नाही. फक्त 'बघू' म्हटलं. पण त्या कॉलेजात वीस वर्षं पोळ्या लाटत होत्या. पोरींना मी लसीकरणाचा धडा शिकवते हे त्यांना ठाऊक होतं. जिला यातलं कळतं तीच थांबलीय, यापलीकडे त्यांना आणखी काय पुरावा हवा होता?

१ मार्चपासून साठ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लस खुली झाली. मावशींचे मालक त्या वयातले. मावशींनी त्यांना सांगितलं, "आमच्या मॅडम थांबल्यात, तुम्ही कशाला घाई करता?" हे मला फार नंतर कळलं.

फेब्रुवारीतच अमरावतीकडे आकडे वाढायला लागले होते. मार्चमध्ये आमच्याकडेही पेशंट वाढले, तेव्हा माझी भीती दुसऱ्या बाजूनं वाटायला लागली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी गुपचूप गेले आणि लस घेऊन आले. अर्धा तास बसवतात, तशी बसले. का बसवतात ते मी वर्गात शिकवते. एखाद्याला तीव्र ॲलर्जी झाली तर ती बहुतेक वेळा लगेचच होते आणि तिथे उपचार तयार असतात. रात्री थोडी कणकण आली, दंड दुखला, संपलं.

आणि मी कोणालाही सांगितलं नाही. इतके दिवस पुरावा पुरावा करत होते, आता कोणत्या तोंडानं सांगू? मावशींच्या खिडकीवरून मी रोज डबा घेत होते. त्यांनाही बोलले नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मावशींच्या घरी सगळे आजारी पडले. मावशी अकरा दिवस कोविड केंद्रात राहून परत आल्या. मालक आले नाहीत.

त्यांनी लस घेतली असती तर ते वाचले असते, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. लस घेऊनही काही माणसं गेली. पण लस घेतलेल्यांमध्ये आजार जिवावर बेतण्याचं प्रमाण खूप कमी होतं, हे मात्र जगभर दिसलं. त्यांना ती एक संधी मिळू शकली असती. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही, त्यात माझ्या 'बघू'चा वाटा आहे.

जूनमध्ये मावशी कामावर आल्या. मी भेटायला गेले. त्यांनी परत तेच विचारलं, "मॅडम, तुम्ही घेतली का?"

मी म्हटलं, "हो. मार्चमध्ये."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पातेलं उचलता उचलता म्हणाल्या, "सांगायचं तरी."

आज मी हे तुम्हाला सांगते आहे, ते त्यासाठीच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे त्या सरांचं बरोबर होतं. शिकलेल्यांनी प्रश्न विचारायलाच नकोत. नाही, मैत्रिणींनो. तसं मला मुळीच म्हणायचं नाही.

कोव्हॅक्सिनचंच पाहा. प्रश्न विचारले गेले, निकालांची मागणी झाली, आणि निकाल आले. ३ मार्च २०२१ ला पहिला आकडा जाहीर झाला. चाचणीतल्या निम्म्या लोकांना खरी लस दिली होती आणि निम्म्यांना नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शन. कुणाला काय दिलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. नंतर आजारी पडलेले ४३ जण मोजले. त्यांतले ३६ बिनऔषधाच्या गटातले निघाले आणि ७ लसीच्या. त्यावरून ८१ टक्के परिणामकारक असं म्हटलं गेलं. नोव्हेंबरमध्ये पूर्ण निकाल छापले गेले, तेव्हा आजारी पडलेले होते १३०. त्यांत १०६ बिनऔषधाचे, २४ लसीचे. आकडा थोडा उतरून ७७.८ वर आला. असं हे शास्त्र असतं. आधी थोडं कळतं, मग जास्त कळतं. जानेवारीत प्रश्न विचारणं योग्य होतं, आणि निकाल पाहिल्यावर मत बदलणंही योग्य होतं. मात्र जी व्यक्ती कोणताही निकाल आला तरी एकाच जागी उभी राहते, तिला पुरावा नको असतो, निमित्त हवं असतं. काही महिने ती व्यक्ती मी होते.

आपल्या मुंबईतली एक जुनी गोष्ट सांगते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी त्या लसीची एक बाटली दूषित झाली आणि १९ माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिनवर ठपका आला. चूक प्रयोगशाळेतली नव्हती, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. स्वतः आधी घेणं महत्त्वाचं आहेच. तितकंच महत्त्वाचं आहे, काही बिघडलं तर त्याचा उघडपणे छडा लावणं. झाकून ठेवलं की संशय वाढतो, आणि मग चांगल्या लसीचंही नाव खराब होतं.

आता खास आपल्या बायकांचं. जानेवारी २०२१ मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस देऊ नये, असा नियम होता. पुष्कळांना वाटलं, म्हणजे ती त्यांना घातक आहे. तसं काही सापडलं नव्हतं. चाचण्यांमध्ये अशा बायकांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे माहिती नव्हती. 'घातक आहे' आणि 'तपासलं नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो आम्ही शिकवणाऱ्यांनी नीट समजावून सांगितला नाही. १९ मे ला अंगावर पाजणाऱ्यांना आणि २ जुलैला गरोदर बायकांना परवानगी मिळाली. तेव्हा आम्ही गावात गेलो, तर दारात उभ्या असलेल्या सासवा म्हणायच्या, "परवापर्यंत नको म्हणत होता, आता घ्या म्हणता. तुमचं खरं कोणतं?" त्यांचं काय चुकलं?

दुसरी गोष्ट पाळीची. त्या एप्रिलमध्ये एक निरोप फिरला, की पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये. ते खोटं होतं, सरकारनंही तसं जाहीर केलं. आमची एक विद्यार्थिनी मात्र वेगळंच विचारत होती. "मॅडम, लस घेतल्यापासून माझी पाळी पुढे गेलीय, याचा संबंध असेल का?" मी तिला म्हटलं, "अफवांवर विश्वास ठेवू नकोस." ती गप्प बसली.

२०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सुमारे चार हजार बायकांच्या पाळीच्या नोंदींचा अभ्यास छापून आला. लसीनंतर पाळी सरासरी एक दिवसाहूनही कमी पुढे जाते आणि मग पूर्ववत होते, असं त्यात दिसलं. फरक छोटा, तात्पुरता. पण होता. त्या मुलीनं अफवा पसरवली नव्हती, स्वतःच्या शरीरावर जे दिसलं ते सांगितलं होतं. मी तिला फोन करून म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं." ती हसली. म्हणाली, "मॅडम, तेव्हा एवढंच म्हणाला असतात ना, की माहीत नाही, नोंद ठेव, तर मी मैत्रिणींना पण सांगितलं असतं, घ्या बिनधास्त."

मैत्रिणींनो, आम्ही शिकलेली माणसं 'माहीत नाही' म्हणायला फार घाबरतो. आम्हाला वाटतं, तसं म्हटलं तर लोक लस घेणार नाहीत. प्रत्यक्षात लोकांना आमचं गप्प राहणं लगेच कळतं. आणि जिथे आम्ही गप्प बसतो, तिथे व्हॉट्सॲप बोलतं.

त्या फोन करणाऱ्या ताईंना मी आज उत्तर देते. ताई, गुठळ्यांचं आम्हाला २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कळलं होतं. आम्ही ते मोठ्यानं सांगितलं नाही, कारण तुम्ही घाबराल असं आम्हाला वाटलं. आम्ही तुम्हाला लहान समजलो. ते चुकलं. तुम्ही घरात महिन्याचा हिशेब करता, गॅस संपेल कधी ते ओळखता, दुखण्याखुपण्यात कुठल्या मुलाला दवाखान्यात न्यायचं आणि कुणाला घरीच काढा द्यायचा ते ठरवता. दहा लाखांत एकाहून कमी, आणि समोर त्या वेळची ती साथ, हा हिशेबही तुम्हाला करता आला असता.

पुढे कधी नवी लस आली, किंवा तुमच्या मुलीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यायची का असा प्रश्न पडला, तर समोरच्या नर्सला, डॉक्टरला, आशाताईला तीन गोष्टी विचारा. एक, यातलं नक्की काय माहीत आहे? दोन, काय अजून माहीत नाही? आणि तीन, तुम्ही स्वतः घेतलीत का, तुमच्या मुलीला दिलीत का? यात उद्धटपणा काही नाही. विचारणं तुमचा हक्क आहे, आणि खरं सांगणं आमचं काम.

मीही आता वर्गात पहिल्याच तासाला मुलींना मावशींची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगते. त्या म्हणाल्या, "सांगा की. पोरींना कळू दे." मुलींना मी एवढंच शिकवते: शंका असेल तर बोलून दाखवा, उत्तर मिळालं की तेही बोलून दाखवा. आणि स्वतः काय केलंत ते लपवू नका, कारण स्वयंपाकघरातून कुणीतरी तुमच्याकडे बघत असतं.

मावशींनी त्या जुलैमध्ये लस घेतली. मी सोबत गेले होते. अर्धा तास आम्ही दोघी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलो. निघताना त्या म्हणाल्या, "चला मॅडम, कणीक मळायची राहिलीय."

चला, मीही रजा घेते. काही विचारायचं असेल तर केंद्राच्या नंबरवर फोन करा. माहीत असेल ते सांगीन. नसेल, तर माहीत नाही म्हणेन आणि शोधून सांगीन. नमस्कार.